भाग दोन आमच्याकडे होता

मला गोष्टी क्रमाने सांगायची सवय आहे. फळ्यावर आधी तारीख, मग धड्याचं नाव, मग कठीण शब्द, असं लिहिण्यात माझं आयुष्य गेलं. मोठ्या बाईंच्या बाबतीत मात्र ते जमत नाही, कारण त्या स्वतः कधी क्रमाने आल्या नाहीत. मी भाजी फोडणीला टाकलेली असे, आणि मागच्या दारातून आवाज येई, "काय वं मास्तरीण, सध्या कोणाचा राग येऊन राहिला तुले?"

हा त्यांचा पहिला प्रश्न. कशी आहेस, पोरगी काय करते, हे नंतर. पुष्कळदा राहूनच जाई. राग कोणाचा येतो हे कळल्याशिवाय त्या कोणाला पुस्तक सुचवत नसत. सुनेचा राग येत असेल तर सुनेच्या बाजूने लिहिलेलं काही. साहेबाचा येत असेल तर एखाद्या हैराण साहेबाची गोष्ट. "ज्याच्यावर राग आहे, त्याच्या घरात जरा बसून येजो," त्या म्हणत. "मंग बी राग उरला तं तो खरा समजजो. खरा राग कामाचा असते."

मुलांनो, तुम्ही दोघं माझ्याशी फोनवर बोलताना पाहिलेल्या सिनेमांना तारे देता. एकाला तीन, एकाला साडेचार. मी ऐकते आणि मनात हसते. मोठ्या बाईंसमोर मी एकदा एका पुस्तकाबद्दल नुसतं "छान आहे" म्हणाले होते. त्यांनी हातातली बशी खाली ठेवली. "छान तं हवा बी असते. तुले कुठं लागलं ते सांग." मला सांगता येईना. मी इंग्रजी घेऊन एम.ए. झालेली बाई, आणि चहा थंड होईपर्यंत मी शब्द शोधत बसले. त्या थांबल्या. त्यांना घाई नसे.

सिहोऱ्याच्या मुलींच्या शाळेतून त्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या होत्या. उंच, काटक, पांढरं पातळ, मनगटावर पुरुषी घड्याळ. लुनावर बसल्या की डोक्याला शेतकऱ्यासारखा दुपट्टा गुंडाळत. सगळं गाव त्यांना मोठ्या बाई म्हणे. मी गावातल्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायला आले, तुमचे आजोबा पाटबंधारे खात्यात, आणि आमचं घर राइस मिलच्या मागच्या लाइनीत. बाई माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या, पण मैत्री त्यांनीच केली, आणि तीसुद्धा माझी परवानगी न घेता.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले तेव्हा पुस्तकांची कपाटं पाहायला मिळतील अशी माझी कल्पना होती. कपाट होतं. त्यात लाखोरीची डाळ, वाळवलेली मोहफुलं आणि एक जुना कंदील होता. पुस्तक एकही नव्हतं. मी विचारलं तर म्हणाल्या, "पुस्तक का लोणचं आहे, बरणीत मुरवाले?"

त्यांच्या माहेरी मालगुजारी, म्हणजे जमीनदारी होती. तिथे पुस्तकांचं मोठं शिसवी कपाट होतं, आणि त्याला कुलूप होतं, आणि किल्ली वडिलांच्या कमरेला होती. एवढं त्यांनी मला एकदाच सांगितलं. बाकी मी समजून घेतलं.

त्यांची रीत अशी की पुस्तक ज्याला सगळ्यात जास्त लागलं, त्याच्या घरी ते राहायचं. दुसऱ्या कोणाला हवं असेल तर त्याने स्वतः त्या घरी जायचं. बसायचं. चहा घ्यायचा. मग घरच्या माणसाने आपल्याला हे पुस्तक कुठं लागलं ते सांगायचं, फक्त शेवट सांगायचा नाही, आणि तेवढं झालं की पुस्तक हातात द्यायचं. चिठ्ठी पाठवून किंवा गड्याला पाठवून पुस्तक मिळत नसे.

त्यामुळे सिहोऱ्याच्या आसपास वाचणाऱ्याला फार हिंडावं लागे. ग्रहताऱ्यांचं पुस्तक आंबागडला, किल्ल्याखालच्या वस्तीत एका वनरक्षकाकडे. जुन्या स्तूपांवरचं एक पातळसं पुस्तक थेट पवनीला. त्यासाठी मी दोन एसट्या बदलून गेले, आणि बाईंनी बजावल्याप्रमाणे आधी नदीकाठच्या टेकाडांवर फिरून मगच त्या घराचं दार वाजवलं. समुद्रप्रवासाचं एक पुस्तक तलावावर मासे धरणाऱ्या ढिवराकडे होतं. कोणी मागायला आलं की तो आधी म्हणे, "एवढं पाणी असून माणूस तहानेनं मरते. सांगा आता." त्याचं सांगणं तेवढंच. पण ते ऐकून पुस्तक न घेता परत गेलेला माणूस मला माहीत नाही.

भंडारा जिल्हा फुटला आणि गोंदिया वेगळा झाला, तेव्हा बाईंची निम्मी पुस्तकं एका दिवसात पलीकडच्या जिल्ह्यात गेली. कोणीतरी गमतीने म्हणालं, आता परत मागवा बाई, तुमची मालमत्ता तिकडे गेली. बाई म्हणाल्या, "जिल्हा कचेरीले असते. पुस्तकाले काय त्याचं?" आणि लुनावर बसून तिरोड्याला जात राहिल्या.

पाहण्याच्या गोष्टीही त्या अशाच सुचवत. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते, नाटकं होतात. बाई नाटक पाहून दुसऱ्या दिवशी बस स्टँडवर उभ्या राहत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, कोणतं पाहायचं आणि कोणत्यात झोपायचं. एका मंडळीच्या मॅनेजरने त्यांना मोठ्या अदबीने पानाचा विडा आणून दिला आणि विचारलं, "कसं वाटलं बाई आमचं नाटक?" बाईंनी विडा खाल्ला. "पान चांगलं होतं," म्हणाल्या.

एकदा त्या भर शाळेत, माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं कोणी गेलं. "धानाच्या बांधीत सारसाची जोडी उतरली आहे," त्यांनी सांगितलं. "आजच पाहून घे. हे पुन्हा लागत नाही." मी तास संपवूनच गेले, तो माझा स्वभाव. पण अख्खा वर्ग सोबत घेऊन गेले. त्या मुली आता आया झाल्या आहेत. भेटल्या की मी शिकवलेल्या कवितेबद्दल कोणी बोलत नाही, सारसांबद्दल बोलतात.

आता ती कादंबरी.

ती दोन भागांची, जाडजूड. एक मोठी बहीण खाणीच्या गावांत आपला हरवलेला भाऊ शोधत हिंडते. पहिल्या भागाच्या शेवटी तिला पगाराच्या रांगेत एक पाठमोरा माणूस दिसतो. ती भावाचं नाव घेऊन हाक मारते. तो माणूस वळायला लागतो, आणि भाग संपतो. ही कादंबरी तिरोड्याच्या एका नर्सबाईंकडे होती. त्यांची बदली झाली आणि तिला नवं घर शोधणं आलं. मी दोन्ही भाग वाचलेले, मला ती फार लागलेली. मला वाटलं ती माझ्याकडेच येणार.

त्याच सुमारास बाईंनी मला त्यांचा नेहमीचा प्रश्न विचारला होता आणि मी खरं उत्तर दिलं होतं. मला राइस मिलवाल्या वहिनींचा राग येत होता.

तुम्हाला हे माहीत नाही, म्हणून सरळ लिहिते. आपल्या घरच्यांनी छप्पन साली धम्मदीक्षा घेतली. तुमचे पणजोबा शिकले, मी शिकले, नोकरी केली. आणि तरीही राइस मिलवाल्यांच्या मुलीला मी वर्षभर इंग्रजी शिकवलं ते त्यांच्या छपरीत, म्हणजे बाहेरच्या ओसरीवर बसून. चहा येई. माझा स्टीलचा ग्लास नंतर धुऊन छपरीच्या खिडकीत उपडा ठेवलेला असे, घरातल्या भांड्यांपासून वेगळा. कोणी वाईट बोललं नाही. वहिनी तर बोलायला गोड. मुलगी हुशार होती, आणि हाती घेतलेलं शिकवणं मी मधेच सोडत नाही. पण खिडकीतला तो ग्लास मी रोज पाहत होते.

पुढच्या आठवड्यात बाई आल्या आणि माझ्या टेबलावर कादंबरीचा दुसरा भाग ठेवला. फक्त दुसरा.

"पहिला कुठाय?"

"राइस मिलवालीकडे."

"कादंबरी तोडून दोन घरी?"

"जिल्हा तुटू शकते तं कादंबरी काहून नाही?"

वहिनींना वाचनाचा नाद जबर होता. पहिला भाग त्यांनी पाहता पाहता संपवला. मग मिलचे दिवाणजी पिशवी घेऊन आमच्या दारात आले. "मालकीणबाई म्हणतेत, भाग दोन द्या." मी नियम सांगितला. मग निरोप आला की शाळेतून येता-जाता मॅडमनी सोबत आणला तर बरं होईल. मी पुन्हा नियम सांगितला. त्यानंतर निरोप बंद झाले. वहिनी गच्चीवर वड्या वाळत घालायला येत आणि आमच्या दाराकडे पाहत उभ्या राहत. माणूस अर्धा वळलेला, आणि उरलेला अर्धा माझ्या टेबलावर.

हे मला सहन होईना. मी भाग दोन उचलला आणि बाईंच्या घरी गेले.

"हे घ्या परत," मी म्हणाले. "माझं घर म्हणजे परीक्षेचं केंद्र नाही. ती आली तर तिचा मोठेपणा, नाही आली तर माझा अपमान. दोन्ही माझ्याच दारात का म्हणून?"

बाई धान पाखडत होत्या. सूप थांबलं. मला वाटलं, आता मला काही समजुतीचं ऐकवणार. त्या म्हणाल्या, "तुयं बराबर आहे. ठेव तिथं. मी दुसऱ्या कोणाकडे ठेवतो."

मी ठेवलं आणि निघाले. दारापर्यंत पोचले तेव्हा त्या बोलल्या, "पण एक सांग. पुस्तक कोणाकडे आहे?"

"माझ्याकडे होतं."

"अन् पाह्यजे कोणाले?"

मी चपलेत सरकवलेला पाय बाहेर घेतला.

"मागणारी कोण अन् देणारी कोण, हेच तू इसरून राहिली," बाई म्हणाल्या आणि पुन्हा पाखडू लागल्या. "तुले वाटते ते तुया घरी येऊन उपकार करन. अवं, ते मांगाले येऊन राहिली. तू दे नाही तं नको देऊ. तुयी मर्जी."

मी मागे वळले, पुस्तक उचललं आणि घरी आणलं. मुलांनो, मी पुष्कळ व्याख्यानं ऐकली आहेत, काही दिलीही आहेत. ताठ बसायला मला शिकवलं ते त्या सुपामागून आलेल्या दोन वाक्यांनी.

वहिनी एका रविवारी दुपारी आल्या. एकट्या, डोक्यावर पदर, पुढच्या दाराने. मी त्यांना खुर्ची दिली आणि समोर बसले. चहा मात्र मांडला नाही. नाही म्हणायची संधी मला कोणाला द्यायची नव्हती. मला ती कादंबरी कुठं लागली ते मी सांगितलं: बहीण प्रत्येक गावात भावाचं वर्णन करते, आणि दर वेळी तो थोडा अधिक उंच, अधिक गोरा, अधिक शहाणा होत जातो, आणि तिचं तिलाच ते कळतं तो प्रसंग. मी चांगलं सांगितलं. तारे द्यायचे असतील तर मला त्या दिवसाचे पूर्ण द्या. वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत राहिल्या.

मी पुस्तक पुढे केलं. त्यांनी घेतलं नाही.

"चहा नाही मांडला तुम्ही?"

"पिता का तुम्ही?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघी खिडकीतल्या त्या ग्लासाबद्दलच बोलत होतो, हे दोघींनाही ठाऊक होतं.

"मोठ्या बाई म्हणे, चहा झाल्याबिगर पुस्तक भेटत नाही," त्या म्हणाल्या. "मांडा आता."

मी मांडला. त्यांनी पूर्ण कप प्यायला. मग म्हणाल्या, "साखर कमीच टाकता तुम्ही."

"आम्ही एवढीच घेतो," मी म्हणाले.

या दिवसाबद्दल बाईंनी मला काहीही विचारलं नाही. एवढंच विचारलं की मी शेवट तर सांगून टाकला नाही ना. आणि काही आठवड्यांनी निकाल दिला की कादंबरी वहिनींना जास्त लागली आहे, तेव्हा दोन्ही भाग आता त्यांच्याकडे राहतील. मला वाईट वाटलं, पण तेही नियमाप्रमाणेच होतं.

आणि मग तुमच्या आईला ती कादंबरी वाचायची होती.

ती तेव्हा भंडाऱ्याला कॉलेजात होती, सुटीत घरी आलेली. नियम तिलाही होता. तिला स्वतः जावं लागणार होतं, आणि ते मला नको होतं. मी छपरीत बसले ते बसले. माझी मुलगी तिथे बसणार नव्हती. वहिनींनी आमच्या घरी चहा प्यायला, खरं आहे. पण आपल्या घराबाहेर माणसाला बरंच काही करता येतं. घरात सासू असते. वहिनींची सासू पंच्याऐंशीच्या घरातली, दिसायला कमी झालेलं, पण त्या घरात कोण कुठवर येतं हे तीच ठरवत असे.

मी बाईंना म्हणाले, या वेळी तुम्ही मागून आणा. त्या म्हणाल्या, "वाचणार कोण? मी का तुयी पोरगी?"

शेवटी मी सोबत गेले. मनाशी ठरवलं होतं, तिला छपरीत बसायला सांगितलं तर पुस्तक न घेता, काही न बोलता उठायचं. तुमच्या आईला मी त्या ग्लासाबद्दल कधी सांगितलं नव्हतं. छपरीत पोचताच माझे पाय सवयीने थांबले. तिला सवयच नव्हती. तिने चपला काढल्या आणि उंबरा ओलांडून सरळ मधल्या खोलीत गेली.

मी तिच्या मागे गेले. मधल्या खोलीत खाटेवर म्हातारी बसली होती.

"कोण वं?"

वहिनी सैपाकघराच्या दारात आल्या. त्या क्षणी त्यांना काहीही म्हणता आलं असतं. "मागच्या लाइनीतल्या मॅडम आहेत, आई," त्या स्पष्ट म्हणाल्या. "अन् त्याईची पोरगी. पुस्तकासाठी आल्या."

म्हातारीने आवाजाकडे मान वळवली. मी तुमच्या आईचा दंड धरला.

"कोणतं पुस्तक?" म्हातारी म्हणाली. "भाऊ हरवला, ते?"

"हो, आजी," तुमची आई म्हणाली.

"ते हे सून मले रोज दुपारी वाचून दाखवत होती. मंग धानाचा सीझन लागला, मिलवर माणसं वाढली, हिले फुरसत नाही. तो माणूस अजून वळलाच नाही, पोरी. दिवाळीपासून मी त्याची पाठच पाहून राहिली." तिने हाताने खाट चाचपली. "तुले वाचता येते नं बराबर? बस अथी."

तुमची आई माझ्याकडे पाहत होती. मी दंड सोडला. ती खाटेवर बसली.

वहिनींनी चहा आणला. कप वेगळा आहे का ते मी पाहिलं. होय, पाहिलं; आपल्यातला माणूस ते पाहतोच. सारखे कप होते, आणि कान तुटलेला होता तो वहिनींनी स्वतःकडे ठेवला. म्हातारी बदलली असं मी लिहिणार नाही. तिचा पाण्याचा गडवा शेवटपर्यंत वेगळा होता, तो ती सुनेलाही शिवू देत नसे. पण पुस्तक तिने आम्हाला घरी नेऊ दिलं नाही. ते उशाखाली घातलं आणि तुमच्या आईला सांगितलं, "उद्या येजो." सुटी संपेपर्यंत तुमची आई रोज दुपारी त्या मधल्या खोलीत बसून मोठ्याने वाचत होती.

पहिल्याच संध्याकाळी मी हे बाईंना सांगितलं तेव्हा त्या चक्क चिडल्या. कादंबरी दोन घरी ठेवायची युक्ती त्यांना सुचली होती, मोठ्याने वाचायची सुचली नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपट्टा बांधून त्याही ऐकायला येऊन बसल्या. तुमची आई वाचत होती. रांग पुढे सरकली, माणूस वळला. बाईंना राहवेना. त्यांनी आपल्या शाळेतल्या आवाजात सुरुवात केली, "आता इथं पाहा, लेखकानं काय केलं—"

"तू गप बस वं," म्हातारी म्हणाली. "पोरगी वाचून राहिली."

मोठ्या बाई गप्प बसल्या.